दहाव्या मुलाखतीला जाण्याआधी : उच्च शिक्षण मंत्र्यांना एक खुलं पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

प्रत : शिक्षण संचालक (उच्च शिक्षण), पुणे, आणि अनुदानित महाविद्यालयं चालवणाऱ्या सर्व संस्थांचे पदाधिकारी.

विषय : तासिका तत्त्वावर (सीएचबी, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर) शिकवणाऱ्या स्त्रियांच्या कामाच्या परिस्थितीबाबत.

महोदय,

गेल्या गुरुवारी दुपारी महाविद्यालयातून फोन आला. फोन करणारे लिपिक मला नऊ वर्षं ओळखतात. आवाजात संकोच होता. ते म्हणाले, "मॅडम, सोमवारी सीएचबीच्या मुलाखती आहेत. तुम्ही याच. पण या वर्षी संस्थेनं ठरवलंय की घरच्या अडचणी नसलेले उमेदवार बघायचे. तुम्हाला आधी कळावं म्हणून सांगितलं."

माझी घरची अडचण म्हणजे माझी मुलगी. मागच्या सप्टेंबरात तिला डेंग्यू झाला आणि मी तीन दिवस गेले नाही. बुडालेल्या तासिका मी पुढच्या आठवड्यात सकाळी सातला वर्ग बोलावून भरून काढल्या. त्या तासिकांच्या नोंदी हजेरीपटावर आहेत. तरीही माझ्या नावापुढे शेरा लागला. त्याच महिन्यात माझे एक सहकारी, तेही तासिकेवरचेच, वडिलांच्या आजारपणासाठी आठवडाभर गावी होते. त्यांचं कौतुक झालं, की मुलगा असावा तर असा. ते कौतुक योग्यच होतं. माझ्या वाट्याला आलेला शेरा मात्र मला मान्य नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते सगळ्यांना वाचता यावं असं उघड लिहिते आहे, कारण अर्ज मी याआधीही केले आहेत.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. सेट (प्राध्यापकपदाची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहे, पीएच.डी. झाली आहे. जून २०१६ मध्ये पहिली मुलाखत दिली, आणि त्यानंतर दर वर्षी त्याच खोलीत, त्याच वर्गांसाठी, त्याच विषयांची मुलाखत देत आले. या वर्षीची मुलाखत दहावी. अकरावी-बारावीपासून मी ज्यांना ओळखते अशा मुली आता बँकेत लागल्या आहेत, एक जण गावातल्या पतसंस्थेची हिशेब तपासनीस आहे. त्या बाजारात भेटतात तेव्हा वाकून नमस्कार करतात आणि हमखास विचारतात, "मॅडम, झालात का पर्मनंट?"

बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला मी मानव संसाधन व्यवस्थापन शिकवते. त्यात कार्यजीवनाच्या गुणवत्तेचा एक घटक आहे. रिचर्ड वॉल्टन या अमेरिकन अभ्यासकानं १९७३ मध्ये तिचे आठ निकष मांडले : पुरेसा आणि न्याय्य मोबदला, सुरक्षित व आरोग्याला पोषक परिस्थिती, आपल्या क्षमता वापरायची आणि वाढवायची संधी, प्रगती आणि शाश्वती, सहकाऱ्यांत सामावून घेतलं जाणं, कामाच्या जागी हक्कांची हमी, काम आणि उरलेलं आयुष्य यांचा मेळ, आणि आपल्या कामाला समाजात मोल असणं. हे आठ मुद्दे मी फळ्यावर लिहिते, मुलं वहीत उतरवून घेतात. शेवटचा निकष माझ्या नोकरीत भरभरून आहे, हे मी मनापासून सांगते. ज्या गावात मुलीचं शिक्षण बारावीला थांबायचं तिथं आज माझ्या वर्गात मुलांपेक्षा मुली जास्त बसतात. उरलेल्या सात निकषांबद्दल मला आपल्याशी बोलायचं आहे.

पैशापासून सुरुवात करते. माझ्या नेमणुकीच्या आदेशात आठवड्याला नऊ तासिका आणि तासिकेला ९०० रुपये लिहिले आहेत. गुणाकार केला की बरा आकडा दिसतो. पण आदेश ऑगस्टअखेर निघतो, दिवाळीच्या सुट्टीत तासिका नाही, परीक्षा सुरू झाल्या की तासिका नाही, पंचमीला नाही, मतदानाला नाही, मार्चनंतर तर नाहीच. मागच्या वर्षी माझ्या १९१ तासिका भरल्या. त्यांचे १ लाख ७१ हजार ९०० रुपये झाले. बारा महिन्यांवर पसरले तर महिन्याला १४ हजार ३२५. हे पैसेही दोन हप्त्यांत आले, दुसरा हप्ता जूनमध्ये. नियमित सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच ५७,७०० रुपये आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ च्या नियमांत लिहून ठेवलं, की कंत्राटी अध्यापक एकूण पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावेत आणि त्यांचा मोबदला नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनाहून कमी नसावा. त्या नियमातले 'कंत्राटी' म्हणजे आम्ही नव्हे, असं उत्तर कदाचित मिळेल. मग आयोगानंच जानेवारी २०१९ मध्ये अभ्यागत अध्यापकांसाठी (गेस्ट फॅकल्टी) ठरवलेला दर घ्या : तासिकेला १,५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५०,०००. तोही आमच्यापर्यंत आलेला नाही.

इथवरची तक्रार माझी आणि माझ्या पुरुष सहकाऱ्यांची एकच आहे. त्यांचे हाल मी जवळून पाहते. एकजण सकाळी शिकवतो आणि संध्याकाळी खताच्या दुकानात हिशेब लिहितो. दुसरा छत्तीस वर्षांचा आहे, पीएच.डी. आहे, आणि त्याचं लग्न जमत नाही. मुलगा सीएचबीवर आहे म्हटलं की पुढची बोलणी थांबतात. तेव्हा हे पत्र त्यांच्याविरुद्ध नाही. पण एकाच आदेशाच्या दोन प्रती, एक पुरुषाच्या हातात आणि एक बाईच्या हातात पडली, की त्यांचा अर्थ सारखा राहत नाही. तो कसा बदलतो, हे मी नऊ वर्षं जगले आहे आणि तेच आपल्याला सांगायचं आहे.

माझ्या सहकाऱ्याला दुसरं काम धरता येतं. मला नाही, कारण महाविद्यालयाच्या आधीचे आणि नंतरचे तास घरानं आधीच घेतलेले असतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावरचा वेळ दिवसाला २९९ मिनिटं निघाला आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. हा तक्ता मी वर्गात दाखवते तेव्हा मुली एकमेकींकडे बघतात. आणि मानधनवाढीचा विषय काढला की मला सांगितलं जातं, "तुमचं काय मॅडम, सरांचा पगार आहेच की." माझ्या नवऱ्याचं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. पण ते जिल्हाधिकारी असते तरी माझ्या १९१ तासिकांची किंमत त्यांच्या उत्पन्नावरून कशी ठरते? पुरुष उमेदवाराला त्याच्या बायकोचा पगार विचारल्याचं मी एकदाही ऐकलेलं नाही.

आता बाळंतपणाबद्दल. हे लिहायला मला पाच वर्षं लागली.

माझी मुलगी ९ जानेवारी २०२० ला झाली. त्याच विभागात माझ्या एक ज्येष्ठ सहकारी कायम होत्या. त्यांना आधीच्या वर्षी १८० दिवसांची पगारी प्रसूती रजा मिळाली होती. ती त्यांना मिळाली याचा मला आनंदच होता, आणि त्यांनीच मला सांगितलं की तूही अर्ज कर. मी केला. उत्तर तोंडी आलं : "तासिका घेतल्या तर मानधन. रजा कायम लोकांना असते. तुम्हाला थांबायचं असेल तर थांबा, आम्ही दुसरं कुणी बघतो." दुसरं कुणी आलं की पुढच्या जूनमध्ये ते 'दुसरं कुणी'च राहतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं. १० फेब्रुवारीला, बत्तिसाव्या दिवशी, मी वर्गात उभी राहिले. टाके पुरते भरले नव्हते. आई मुलीला घेऊन महाविद्यालयासमोरच्या किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत बसायची. दोन तासिकांच्या मधल्या वीस मिनिटांत मी रस्ता ओलांडून जायची, पाजायची आणि परत यायची. एका दुपारी रस्त्यात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. मला पलीकडं जाता येईना, आणि दुकानातून तिचं रडणं ऐकू येत होतं. साडीचा पुढचा भाग ओला झाला होता. मी तशीच वर्गात गेले आणि पदर गुंडाळून तास घेतला.

त्या दिवशी मला कायदा माहीत नव्हता. आता माहीत आहे. २०१७ च्या सुधारणेनंतर प्रसूती लाभ कायद्यात २६ आठवड्यांची पगारी रजा होती. अट होती आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केल्याची. माझे ८० दिवस केव्हाच भरले होते. दिल्ली महानगरपालिकेत रोजंदारीवर मस्टरला असलेल्या बायकांनाही हा लाभ द्यावा लागेल, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच सांगितलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात म्हटलं, की कराराची मुदत संपली म्हणून प्रसूती लाभ थांबत नाही. रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बाईचा हक्क या देशानं मान्य केला आहे. महाविद्यालयात तो कायदा शिकवणाऱ्या बाईला तो मिळालेला नाही, कारण तिच्या आदेशावर 'तासिका' हा शब्द आहे आणि तासिका न घेतलेल्या दिवशी ती कर्मचारी आहे असं कुणी धरतच नाही.

हेच मला सगळ्यात जास्त खुपतं. बाईसाठी केलेले कायदे कागदावर सर्व बायकांसाठी असतात, पण त्यांचा उपयोग कुणाला होणार हे नोकरीचा दर्जा ठरवतो. कायम असलेल्या सहकारी बाईंनाही घर आहे, मूल आहे, टोमणे आहेत. पण त्यांना रजा आहे, सेवापुस्तक आहे, आणि पुढच्या जूनमध्ये काय होईल ही भीती नाही. माझ्यापाशी त्यांच्या सगळ्या अडचणी आहेत. त्यांचं संरक्षण नाही.

लैंगिक छळाच्या तक्रारींचंही हेच आहे. २०१३ च्या कायद्यात 'कर्मचारी' या शब्दात कायम, तात्पुरती, तदर्थ, रोजंदारीवरची सगळी माणसं येतात. आमच्याकडे समिती आहे, तिच्या सदस्यांची नावं जिन्याजवळच्या फलकावर आहेत. पण माझ्या एका मैत्रिणीला, दुसऱ्या एका महाविद्यालयात, ज्या माणसाचे रात्री साडेअकराला संदेश यायचे तोच जूनमध्ये मुलाखतीला समोर बसणार होता. तिनं तक्रार केली नाही. फोन बदलला, आणि पुढच्या वर्षी ते महाविद्यालयच सोडलं. तक्रार अर्ज आला नाही म्हणजे घटना घडली नाही, असं अहवालात दिसत असेल. तासिकेवरच्या बाईचा अर्ज का येत नाही, हे समजायला तिचा आदेश किती महिन्यांचा आहे एवढं पाहिलं तरी पुरेल.

कामाबद्दल थोडं. तासिकेखेरीज आम्ही जे करतो ते मोजलं जात नाही, हे सगळ्यांना लागू आहे : परीक्षेला पर्यवेक्षण, नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) फायली, प्रवेशाच्या वेळी टेबलावर बसणं. बायकांच्या वाट्याला याच्यावर आणखी येतं. नॅकची समिती आली तेव्हा पुरुष सहकाऱ्यांना विभागाचं सादरीकरण करायला सांगितलं. आम्हा चौघींना एकसारख्या साड्या नेसून फाटकाशी औक्षणाचं ताट घेऊन उभं राहायला सांगितलं. आदल्या रात्री नऊपर्यंत आम्ही रांगोळी काढत होतो. त्या सादरीकरणातला वाणिज्य विभागाचा अर्धा मजकूर मी लिहिलेला होता. मला औक्षणाचं वावडं नाही, घरी मी आनंदानं करते. पण माझी क्षमता कशासाठी वापरायची, हे मी बाई आहे आणि नाही म्हणू शकत नाही, या दोन गोष्टींवरून ठरलं. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीचं भाषण दर वर्षी माझ्याकडे असतं, ८ मार्चचं सूत्रसंचालनही. मला ते करायला आवडतं. त्या दोन्ही दिवशी तासिका होत नाहीत, म्हणून त्या दिवसांचे पैसे नसतात.

स्वच्छतागृहाचा मुद्दा छोटा वाटेल. आमच्या स्टाफरूमला जोडलेलं स्वच्छतागृह कायम प्राध्यापिकांकडं किल्ली असलेलं आहे. मला मागायला संकोच नाही, त्या देतातही. पण सकाळच्या सत्रात कुणी कायम बाई नसतात, तेव्हा आम्ही विद्यार्थिनींच्या स्वच्छतागृहात जातो. तिथल्या तीन दारांपैकी एकाला कडी आहे.

आणि कायम होण्याचा रस्ता? नोव्हेंबर २०१८ मध्ये शासनानं ३,५८० सहायक प्राध्यापक पदं भरायला मान्यता दिली. त्यातली २,०८८ पदं भरलीच गेली नाहीत, त्यांना २०२१ मध्ये पुन्हा मान्यता द्यावी लागली. या दिरंगाईत पुरुषाचंही वय जातं. बाईची मात्र तीच वर्षं लग्नाची, बाळंतपणाची, पीएच.डी.ची असतात. शिवाय एक गोष्ट आपल्या राज्यात सगळे जाणतात आणि कुणी लिहीत नाही. पद निघालं की काही ठिकाणी त्याला बोली लागते. तेव्हा घरात प्रश्न येतो, पैसे कुठून आणायचे. मुलासाठी बाप एकरभर रान विकतो, हे मी पाहिलं आहे. सुनेसाठी रान विकलेलं मी पाहिलं नाही. सासर म्हणतं, शिक्षण माहेरचं होतं. माहेर म्हणतं, आता ती तुमची. त्यामुळे या भ्रष्टाचारात पहिल्यांदा बाहेर पडते ती पात्र असलेली बाई, आणि तिच्या बाहेर पडण्याची नोंद कुठंही होत नाही.

शासन बायकांसाठी काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट झालं, त्यानं माझे महिन्याचे सातशे रुपये वाचतात आणि मी त्याबद्दल ऋणी आहे. २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांत आर्थिक मर्यादेतल्या मुलींची फी माफ झाली, आमच्या गावातल्या दोन मुली त्यामुळे फार्मसीला जाऊ शकल्या. मुलींना महाविद्यालयापर्यंत आणायला एवढं केलंत, तर तिथं त्यांना शिकवणाऱ्या बायकांकडंही पाहा, एवढंच मागणं आहे.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. तासिका तत्त्वावरच्या प्रत्येक अध्यापिकेला २६ आठवड्यांची प्रसूती रजा, आधीच्या सत्रातल्या सरासरी तासिकांच्या मानधनासह, देण्याचा स्वतंत्र शासन निर्णय काढा, आणि त्यात असं लिहा की तिच्या जागी घेतलेली व्यक्ती फक्त त्या काळापुरती असेल. याला पैसा लागेल, पण फार नाही; हे आपल्या विभागाला हिशेब करून पाहता येईल. जोवर वर्कलोड, म्हणजे शिकवायला पुरेशा तासिका, आहे तोवर काम समाधानकारक असलेल्या अध्यापकाची दर वर्षी नव्यानं मुलाखत घेऊ नये. मुलाखतीत लग्न, गरोदरपण, मुलं, नवऱ्याचं उत्पन्न यांवर प्रश्न विचारायला लेखी मनाई असावी, आणि मुलाखतीचं इतिवृत्त उमेदवाराला मागितल्यावर मिळावं. मानधन दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, किमान आयोगाच्या २०१९ च्या दरानं, आणि पर्यवेक्षण, नॅक, समित्या यांचे तास मोजून मिळावं.

तक्रार समितीत तासिकेवरची एक अध्यापिका सदस्य हवी, आणि तक्रार प्रलंबित असेपर्यंत तक्रारदार बाईचा आदेश आपोआप वाढावा. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानं तिच्या मुलाखतीला बसू नये. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक महाविद्यालयात पाळणाघर आहे का, याची तपासणी करा. कडी असलेलं स्वच्छतागृह आणि बाळाला पाजायला एक बंद खोली, हे तर संस्थांनी आपल्या पत्राची वाट न पाहता करावं.

रिकामी पदं संस्थांच्या हाती न ठेवता राज्य पातळीवरच्या एका परीक्षेतून भरा. आणि सगळ्यात आधी आम्हाला मोजा. राज्यात तासिकेवर किती बायका शिकवतात, किती जणी बाळंतपणानंतर परतल्या आणि किती परतल्याच नाहीत, हे जिल्हावार जाहीर करा. माझ्यासोबत २०१६ मध्ये लागलेल्या पाच जणींपैकी आज आम्ही दोघी उरलो आहोत.

सोमवारी अकरा वाजता माझी मुलाखत आहे. फाइल तयार आहे : सेटचं प्रमाणपत्र, पीएच.डी.ची पदवी, नऊ वर्षांचे निकाल. "मुलगी आता केवढी, तिला सांभाळायला घरी कोण असतं," हा प्रश्न मला आजवर पाच वेळा विचारला गेला आणि पाचही वेळा मी नम्रपणे उत्तर दिलं. या वेळी देणार नाही. हा प्रश्न लेखी द्या आणि तो इतिवृत्तात नोंदवा, असं मी त्यांना सांगणार आहे. त्यानंतर जे होईल ते मी आपल्याला कळवीन.

आपली,
तासिका तत्त्वावरील एक अध्यापिका (वाणिज्य), मराठवाडा